लाप्लासचं घड्याळ साताऱ्याच्या गच्चीवरून कसं तपासायचं

"घड्याळ मागे पडतंय" असं म्हणत कुणी दुकानात आलं की मी ते लगेच उघडत नाही. ही बाबांची शिस्त. घड्याळ तीन दिवस फळीवर ठेवायचं, रोज सकाळी दहाला आणि रात्री आठला दुकानातल्या घड्याळाशी ताडायचं आणि वहीत लिहायचं, किती पुढे, किती मागे. रोज नेमकी चार मिनिटं मागे पडणारं घड्याळ बाबांच्या लेखी चांगलं घड्याळ. त्याची चूक एकसारखी आहे, म्हणजे आत सगळं ठीक चाललंय, जरा हलक्या हाताने लावून घेतलं की झालं. एक दिवस दोन मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी नऊ, असं असेल तर मात्र उघडा, साफ करा, दाते बघा.

मोती चौकाजवळच्या त्या दुकानात बाबांच्या मागे मी सव्वीस वर्षं बसते आहे. आता निम्मं काम सेल आणि पट्टे बदलण्याचं. पण वही चालू आहे, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच वहीत मी एक फार मोठं घड्याळ घेतलं. गुरूचे चंद्र. या घड्याळाची चूक कशी एकसारखी आहे आणि ती तशी का राहते, हे ज्याने गणिताने दाखवलं तो पिएर-सिमों लाप्लास, फ्रान्समधला गणिती आणि खगोलज्ञ. त्याचं म्हणणं आपल्या गच्चीवरून तपासून बघता येतं. त्याला लागतं काय तर एक साधी दुर्बीण, फोनमधलं स्टॉपवॉच, परकार, कोनमापक आणि दहा-बारा निरभ्र रात्री. कसं करायचं ते सांगते.

आधी तपासायचं काय ते. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले. आतून बाहेर त्यांची नावं आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. आयो गुरूभोवती एक फेरी १ दिवस १८ तास २७ मिनिटांत मारतो. युरोपाला ३ दिवस १३ तास १४ मिनिटं लागतात, गॅनिमीडला ७ दिवस ३ तास ४३ मिनिटं. म्हणजे प्रत्येकाला आतल्याच्या साधारण दुप्पट वेळ. दात्यांच्या भाषेत एकास दोनास चार. शाळेच्या पुस्तकांत इथेच थांबतात. मीही थांबले असते, पण सवयीने भागाकार करून बघितला. युरोपाला आयोच्या दुप्पट नाही, २.००७ पट वेळ लागतो. गॅनिमीडला युरोपाच्या २.०१५ पट. म्हणजे दाते नीट बसलेले नाहीत. दोन्हीकडे घसरतंय.

आता तेच दिवसाला किती अंश असं मांडा. आयो दिवसाला २०३.४९ अंश फिरतो, युरोपा १०१.३७, गॅनिमीड ५०.३२. युरोपाची दुप्पट आयोतून वजा केली की उरतात ०.७४ अंश. गॅनिमीडची दुप्पट युरोपातून वजा केली की उरतात, पुन्हा, ०.७४ अंश. दोन घड्याळं, दोन्ही चुकतात, आणि दोन्हींची रोजची चूक तीच. असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं तर मी पहिल्यांदा विचारेन, ही दोन्ही एकमेकांना कुठेतरी जोडलेली आहेत का?

लाप्लासने हाच प्रश्न विचारला. उत्तराकडे नंतर येऊ. आधी हत्यारं.

दुर्बीण ७० मिलिमीटर भिंगाची असली तरी पुरे. माझी मी ऑनलाइन मागवली. खोक्यावर ६७५ पट मोठं दिसतं असं ठळक छापलेलं होतं, आणि तेवढ्या पटीला नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावल्यावर गुरूच्या जागी दुधात पडलेला डाग दिसला. त्या आकड्याकडे बघू नका. ४० ते ५० पट हे या कामाचं माप. ५० पटीला गुरूची चकती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठी दिसते आणि चारही चंद्र एका ओळीत ठिपक्यांसारखे सुटे दिसतात. १० × ५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, असेल तर गॅनिमीड आणि कॅलिस्टो सहज सापडतील, युरोपा कधी कधी. आयो गुरूच्या झगमगाटात बुडतो. हातात धरून तर काहीच जमत नाही, तिला तिपाई लागतेच. मी पहिले चार दिवस द्विनेत्री पाण्याच्या टाकीवर टेकवून धरत होते. वहीतल्या त्या पानावर नुसती खाडाखोड आहे.

जागा. लोकांना वाटतं कास पठारावर किंवा यवतेश्वरला जायला हवं. धूसर तेजोमेघ बघायचे असतील तर जा. गुरूला अंधार लागत नाही, स्थिर हवा लागते. यवतेश्वरच्या कड्यावर जो वारा सुटतो त्यात माझी तिपाई नाचत होती. त्यापेक्षा शाहूपुरीतली आमची गच्ची बरी. कठड्याचा आडोसा आहे, एका बाजूला अजिंक्यतारा आहे आणि चहा वर येतो. उन्हाने तापलेली फरशी रात्री उष्णता सोडत राहते आणि हवा थरथरते, म्हणून संध्याकाळी एक बादली पाणी मारून ठेवा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढा. गुरू क्षितिजाजवळ असताना मापं घेऊ नका, तो निम्मं आकाश तरी चढू द्या.

वेळ. पावसाळ्यात साताऱ्याचं आकाश मिळत नाही, तो विषय नको. गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो ती प्रतियुती. ती दर १३ महिन्यांनी येते, आणि तिच्या मागचे-पुढचे दोन महिने सगळ्यांत चांगले. २०२६ मध्ये ती १० जानेवारीला होती, गुरू मिथुनेत, पुनर्वसूच्या जोडीजवळ. पुढची २०२७ च्या फेब्रुवारीत. ओळखायला सोपा. रात्री उशिरा डोक्यावर जो सगळ्यांत तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका असेल तो गुरू. शुक्र त्याच्याहून तेजस्वी खरा, पण तो मध्यरात्री डोक्यावर कधीच नसतो.

तसा कृष्णाकाठच्या माणसाला गुरू नवा नाही. तो कन्या राशीत आला की वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कन्यागताची पर्वणी. २०१६ मध्ये आईला वाईच्या घाटावर घेऊन गेले होते. गर्दीत तिची चप्पल हरवली आणि परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "बारा वर्षांनी येतो आणि चप्पल घेऊन जातो." बारा वर्षं हा गुरूचा सूर्याभोवतीचा फेरा, नेमका सांगायचा तर ११.८६ वर्षांचा. आपण बघणार आहोत ते त्याच्याभोवतीचे फेरे. तिथे सगळं दिवसांत आणि तासांत उरकतं, म्हणून आपल्या आयुष्यात तपासून होतं.

पहिली परीक्षा, गणिताशिवाय

लाप्लासचा नियम सांगतो की या तिघांची चाल एकमेकांना बांधलेली आहे. त्याचा एक सरळ परिणाम असा. गॅनिमीड आणि युरोपा जेव्हा गुरूवरून बघता एकाच दिशेला येतात, तेव्हा आयो हमखास विरुद्ध दिशेला असतो. तिघे एका बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. ही दोघांची भेट दर ७ दिवस १ तास १३ मिनिटांनी होते, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी, जेमतेम पाच अंश मागे.

म्हणून असं करा. रोज रात्री ठरलेल्या वेळी ओळ काढत राहा. मधे गोल, दोन्ही बाजूंना ठिपके. समजा एका रविवारी आठ वाजता दोन ठिपके एका बाजूला दिसले, आतला गुरूपासून त्याच्या पावणेपाच व्यासांवर आणि बाहेरचा साडेसात व्यासांवर, आणि तिसरा दुसऱ्या बाजूला जवळच, तीन व्यासांवर. झाली भेट. पुढच्या रविवारी सव्वानऊला पुन्हा बघा. त्याच्या पुढच्या रविवारी साडेदहाला. तीन-चार आठवडे तेच चित्र, दर वेळी सव्वा तास उशिरा. माझा भाचा मुक्कामाला होता, त्याला मी आदल्या आठवड्यातला कागद न दाखवता नवं चित्र काढायला लावलं. त्याने काढलं आणि म्हणाला, "मावशी, तू हे आधीच काढून ठेवलंयस." मग त्याला तारीख दाखवली.

कॅलिस्टो या फेरात नाही. तो १६ दिवस १६ तासांत आपला एकटा फिरतो आणि चित्रात नको तिथे येऊन बसतो. तुम्हाला चौथा ठिपका दिसला आणि हिशेब फसला तर आधी त्याच्यावर संशय घ्या. तो गुरूपासून १३ व्यासांपर्यंत जातो, म्हणून आठ व्यासांच्या पलीकडे दिसणारा ठिपका दुसरा कुणी असूच शकत नाही.

फोनमधली ॲप चारही चंद्र नावानिशी दाखवतात. ती शेवटी उघडा. उत्तर आधी पाहिलं की हात त्या बाजूला वळतो. गिऱ्हाइकाने "पाच मिनिटं मागे पडतं" असं सांगून ठेवलं की मलाही पाचच दिसायला लागतात, म्हणून मी ते वहीत लिहूनच घेत नाही.

दुसरी परीक्षा, स्टॉपवॉचची

हा भाग मला सगळ्यांत आवडतो. ठिपका गुरूपासून किती लांब आहे हे डोळ्यांनी अंदाजायचं नाही. आकाशाला सरकू द्यायचं आणि सेकंद मोजायचे.

दुर्बीण गुरूवर लावा आणि हात काढून घ्या. पृथ्वी फिरते म्हणून सगळी ओळ हळूहळू दृष्टिक्षेत्राच्या एका कडेकडे सरकते. जी बाजू आधी कडेला जाते ती पश्चिम. हे प्रत्येक वेळी असंच ठरवा, कारण नेत्रिकेआधीचा आरसा डावं-उजवं उलटं करतो आणि माझी पहिली सहा पानं त्यामुळे आरशातली निघाली. गुरू दृष्टिक्षेत्राच्या मधोमध उंचीवरून जाईल असं बघा. पहिला ठिपका कडेआड गेला की स्टॉपवॉच चालू करा, मग प्रत्येक ठिपका आणि गुरूची मधली रेघ जाताना लॅपचं बटण दाबत जा. पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. एका वेळची माझी चूक अर्ध्या सेकंदाची होती, पाचांच्या सरासरीत ती पाव सेकंदाखाली आली.

माझ्या हंगामात गॅनिमीड जास्तीत जास्त २५ सेकंद लांब जात होता. तुमच्या हंगामात हा आकडा थोडा वेगळा येईल, म्हणून पहिले दोन आठवडे नुसती कमाल गाठायची. एकदा गॅनिमीडची कमाल मिळाली की बाकीच्यांच्या काढता येतात, कारण तिघांची गुरूपासूनची अंतरं ५.९, ९.४ आणि १५ या प्रमाणात आहेत. २५ सेकंदांना युरोपाचे १५.७ आणि आयोचे ९.८.

आता कोरा कागद. एक सेकंद म्हणजे ३ मिलिमीटर धरा. मध्यबिंदूवर गुरू, त्याच्याभोवती परकाराने तीन वर्तुळं, २.९५, ४.७ आणि ७.५ सेंटिमीटर त्रिज्येची. आपण पानाच्या खालच्या बाजूला उभे आहोत आणि वर बघतोय असं समजा. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. गुरूतून आडवी रेघ मारा. मोजलेले सेकंद तिच्यावर मिलिमीटरमध्ये टाका आणि तिथून उभी रेघ काढा. ती त्या चंद्राच्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल, वर आणि खाली. वरचा छेद म्हणजे चंद्र गुरूच्या पलीकडच्या अर्ध्यात, खालचा म्हणजे आपल्या बाजूच्या अर्ध्यात.

दोहोंतला कोणता, हे तासाभराने पुन्हा मोजून कळतं. पूर्वेला असून गुरूपासून दूर जात असेल तर पलीकडे, जवळ येत असेल तर अलीकडे. पश्चिमेला याच्या उलट. आयो तासाला साडेआठ अंश फिरतो, त्याचं लगेच कळतं. गॅनिमीडसाठी दुसऱ्या रात्रीची वाट बघावी लागते.

मग कोनमापक. वरच्या टोकाला शून्य, तिथून डावीकडे उतरत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजायचं. म्हणजे पूर्वेचं टोक ९०, खालचं १८०, पश्चिमेचं २७०. काट्यांच्या उलट मोजताना मला आठवडाभर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं, सव्वीस वर्षांची सवय आहे.

एका रात्रीचे माझे आकडे देते. आयो पश्चिमेला ४.२ सेकंदांवर, दूर जाणारा, कोन २०५. युरोपा पूर्वेला १३.३ सेकंदांवर, दूर जाणारा, कोन ५८. गॅनिमीड पूर्वेला २३.६ सेकंदांवर, दूर जाणारा, कोन ७१. आता लाप्लासचा हिशेब: आयोचा कोन, उणे युरोपाची तिप्पट, अधिक गॅनिमीडची दुप्पट. २०५ उणे १७४ अधिक १४२. उत्तर १७३. नियम सांगतो १८०. उत्तर उणे आलं तर ३६० मिळवा, ३६० च्या वर गेलं तर वजा करा.

त्या रात्री मी खूश होते, पण ते नशीब होतं. हिशेबात युरोपाची तिप्पट आहे, म्हणजे त्याच्या कोनातली पाच अंशांची चूक उत्तरात पंधरा होऊन बसते. शिवाय चंद्र टोकाजवळ असताना तो बाजूला सरकतच नाही, नुसता आपल्याकडे किंवा पलीकडे जात असतो, त्यामुळे सेकंद बरोबर असूनही कोन चुकतो. म्हणून युरोपा गुरूच्या जवळ असेल अशा रात्री निवडा. अकरा रात्रींत माझी उत्तरं १५१ पासून २०४ पर्यंत पसरली, सरासरी १७६. एकही उत्तर ९० च्या किंवा ३०० च्या आसपास गेलं नाही. नियम नसता तर ती वर्तुळभर विखुरली असती.

एक शंका कुणीही काढेल, माझ्या भाच्याने काढलीच. आपण कोन मोजतो ते पृथ्वीच्या दिशेपासून, आणि पृथ्वी तर रोज हलते, गुरूही हलतो. मग शून्याची खूणच सरकत असेल तर? सरकू द्या. तिन्ही कोन सारखेच सरकतील आणि हिशेबातले गुणक १, उणे ३ आणि २ आहेत. त्यांची बेरीज शून्य. सरकणं आपोआप वजा होतं. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला चिमटा खाली ठेवला.

वेळ लिहायची पद्धत

दोन रात्रींमधला काळ काढायचा तर तास-मिनिटांची वजाबाकी फार चुकते. वेळ दिवसाच्या अपूर्णांकात लिहा. मध्यरात्रीपासून मोजलं तर रात्री नऊ म्हणजे ०.८७५, नऊ छत्तीस म्हणजे ०.९००. लाप्लास असंच लिहीत असे. क्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, फ्रान्सने दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं आणि मिनिटाचे शंभर सेकंद असा कायदाच केला होता. दहा आकड्यांच्या तबकड्यांची घड्याळं बनली. त्यांचा एक सेकंद आपल्या ०.८६४ सेकंदांचा. लोकांनी ती स्वीकारली नाहीत आणि १७९५ च्या एप्रिलमध्ये सक्ती उठली. मीटर मात्र टिकला, आणि त्याच्या समितीवरही लाप्लास होता. बाबांना ही गोष्ट सांगायला हवी होती. ते म्हणाले असते, सगळ्या गावाची घड्याळं एका दिवसात दुरुस्तीला, केवढा धंदा!

आता लाप्लास हा माणूस. जन्म २३ मार्च १७४९, नॉर्मंडीतल्या बोमाँ-आँ-ओज या छोट्या गावात. घरची शेती आणि सफरचंदाच्या दारूचा व्यापार. काँच्या विद्यापीठात त्याला पाठवलं ते धर्मशास्त्र शिकून पाद्री होण्यासाठी. तिथे दोन शिक्षकांनी गणिताची गोडी लावली आणि विशीच्या आसपास तो शिफारसपत्र घेऊन पॅरिसला दालांबेर या नावाजलेल्या गणितीच्या दारात गेला. सांगतात की शिफारसपत्राला दालांबेरने दाद दिली नाही, मग पोराने यांत्रिकीच्या तत्त्वांवर स्वतःच एक पत्र लिहून पाठवलं आणि त्याच्या जोरावर सैनिकी शाळेत नोकरी मिळवली. १७७३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, विज्ञान अकादमीत प्रवेश. १७८५ मध्ये तोफखान्याच्या परीक्षेत त्याने सोळा वर्षांच्या एका मुलाला तपासलं, त्याचं नाव बोनापार्ट. चौदा वर्षांनी त्याच मुलाने लाप्लासला गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढलं. नेपोलियनची तक्रार अशी की हा सगळीकडे बारकावे शोधतो, कारभारातही अतिसूक्ष्म राशींचं गणित घेऊन येतो. आमच्या धंद्यात अशी तक्रार कुणी करत नाही.

गुरूच्या चंद्रांचं काम १७८० च्या दशकातलं. लाप्लास काही रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारा नव्हता. तो दुसऱ्यांच्या वह्या वाचत असे. वह्या मात्र चांगल्या होत्या. गुरूच्या सावलीत चंद्र शिरतो ती वेळ जगभर एकच, म्हणून नकाशे करणारे लोक हे चंद्र घड्याळासारखे वापरत, आणि त्यासाठी शतकभर ग्रहणांच्या वेळा टिपलेल्या होत्या. खगोलज्ञ कासिनीची कोष्टकं, मग स्वीडनमधल्या वार्गेंटिनची. याच वेळांमधल्या गफलतीवरून रोमर या खगोलज्ञाने १६७६ मध्ये ओळखलं होतं की प्रकाशालाही यायला वेळ लागतो. लाप्लासला त्या कोष्टकांत तिघांच्या चुकांचं सारखेपण दिसलं. ते इतकं नेमकं होतं की योगायोग म्हणणं त्याला पटेना.

त्याचं उत्तर मला आमच्या दुकानातल्या फळीवरून समजलं. बाबांच्या वेळी एका लाकडी फळीवर दोन लंबकाची घड्याळं शेजारी टांगलेली असत. चालू करताना लंबक कसेही सोडा, काही वेळाने एक डावीकडे जाताना दुसरा उजवीकडे जायला लागायचा, आणि मग तसाच राहायचा. लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सने १६६५ मध्ये आजारपणात पडल्या-पडल्या आपल्या दोन घड्याळांचं हेच पाहिलं होतं. फळी अगदी किंचित हलते आणि एकाची चाल दुसऱ्याला पोचवते. चंद्रांमध्ये फळीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. लाप्लासने गणिताने दाखवलं की तो हिशेब १८० पासून ढळला तर तिघांची एकमेकांवरची ओढ त्याला परत आणते. तो १८० भोवती लंबकासारखा डोलेल, पण सुटणार नाही. म्हणजे सुरुवातीला तिघांची चाल नेमकी जुळलेली असायलाही नको, जवळपास असली तरी ओढच तिला नेमकी करते आणि तशी ठेवते. आजच्या मोजमापांत हे डोलणं अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. या सिद्धांतावर देलांब्र या खगोलज्ञाने जी कोष्टकं बनवली ती आधीच्यांपेक्षा खूपच सरस होती.

गुरू आणि शनीच्या बाबतीत त्याने असंच केलं. गुरूची गती वाढते आहे आणि शनीची मंदावते आहे असं जुन्या नोंदी सांगत. पुढे काय होणार याचा घोर होता. लाप्लासने १७८५ च्या सुमारास दाखवलं की गुरूचे पाच फेरे आणि शनीचे दोन फेरे जवळजवळ सारख्या काळाचे आहेत, ५९.३ आणि ५८.९ वर्षं, आणि त्या थोड्याशा फरकामुळे एक सुमारे ९०० वर्षांचं आंदोलन तयार होतं. वाढलेलं पुन्हा कमी होतं. पाडव्याला पंचांगातून संवत्सराचं नाव वाचतात ना, ती साठ संवत्सरं गुरूच्या याच पाच फेऱ्यांची. हे सगळं त्याच्या खगोलीय यांत्रिकीवरच्या पाच खंडांत आहे, १७९९ ते १८२५ दरम्यान छापलेल्या. मी ते वाचलेले नाहीत आणि वाचणारही नाही. जगाच्या रचनेवर सामान्य वाचकांसाठी त्याने लिहिलेलं पुस्तक मात्र समीकरणांशिवाय आहे. दहा चिन्हांत कोणतीही संख्या लिहिण्याची भारताची पद्धत किती मोठी, हे त्याने त्यात मोकळेपणाने लिहिलंय.

तो ५ मार्च १८२७ ला गेला. ५ मार्च १९७९ ला व्हॉयेजर १ हे अमेरिकेचं यान गुरूच्या सगळ्यांत जवळून गेलं, १५२ वर्षांनी, त्याच तारखेला. त्याच्या तीनच दिवस आधी स्टॅन्टन पील हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा लेख छापून आला होता की या तिघांच्या जुळणीमुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही, गुरूची ओढ त्याला सतत दाबते-सोडते, आणि आत इतकी उष्णता होत असणार की तिथे ज्वालामुखी सापडतील. काही दिवसांतच यानाच्या चमूतल्या लिंडा मोराबिटोला यानाच्या एका छायाचित्रात आयोच्या कडेवर उद्रेकाचा फुगारा दिसला. दोन दात्यांत घर्षण झालं की तिथलं तेल आधी काळं पडतं, हे आम्हाला ठाऊक असतं. इथे अख्खा चंद्र वितळायला निघालाय.

ते मोठ्या दुर्बिणीतूनही आपल्याला दिसणार नाही. आपल्याला दिसतो तो गुरूला चिकटलेला, थोडा पिवळसर ठिपका, आणि तोही झगमगाटाने हातचा जातो. त्यावर एक युक्ती. अंधार पूर्ण पडायच्या आधी, संधिप्रकाशातच मापं घ्या. आकाश निळसर असतं तेव्हा गुरूचा झगमगाट कमी वाटतो आणि आयो सुटा दिसतो. गॅनिमीड मग अंधारात मोजला तरी चालतो, पण वेळ दोघांचीही आपापली लिहा आणि कोन एकाच क्षणाला आणून घ्या. आयोला तासाला ८.५ अंश, युरोपाला ४.२, गॅनिमीडला २.१.

भाच्याने जाताना माझ्या वहीतली अकरा पानं फोनमध्ये टिपून नेली. तो सांगलीला असतो. २०२७ च्या फेब्रुवारीत तो तिथल्या गच्चीवरून मोजणार आणि मी इथून, एकाच रात्री, नऊ वाजता, एकमेकांना न विचारता. उत्तरं बंद पाकिटात. मी तोवर माळ्यावरची ती दोन लंबकाची घड्याळं खाली काढली आहेत. एकाचा लंबक आहे, दुसऱ्याचा शोधते आहे.